कारभाऱ्याची कुरकुर

तारांगणात तिला सगळे असूदेताई म्हणायचे. हे नाव काही कुणी लाडानं दिलेलं नव्हतं, वैतागून दिलेलं होतं. कुणी धावत येऊन सांगावं, ताई, स्क्रीनवर काहीतरी भयंकर आलंय, तर हिनं चष्मा वर सारायचा, दोन ओळी वाचायच्या आणि म्हणायचं, "असू दे." बस्स. समोरच्याचा जीव टांगणीला लागलेला आणि ही आपली पुन्हा चहात बिस्किट बुडवायला मोकळी. बरं, ते बिस्किटही कधी चहात पडू दिलं नाही तिनं. लक्ष असायचं बाईचं.

काम तिचं आकाश सुरू करण्याचं. ऐकायला केवढं थोर वाटतं! प्रत्यक्षात घुमटाच्या पाठीमागे एक बोळाएवढी खोली, तिच्यात लोखंडी कपाटात एकावर एक रचलेली यंत्रं, पंख्यांची घरघर, आणि गारठा असा की भर उन्हाळ्यातही ती शाल गुंडाळून बसायची. सकाळी तिनं बटण दाबलं की यंत्रं जागी व्हायची, आणि जागं होताहोता ती जे काही पुटपुटायची त्याच्या ओळी स्क्रीनवर भराभर वर सरकायच्या. मग भिंतीपलीकडे रिकाम्या घुमटात हळूहळू पहाट उजाडायची, प्रोजेक्टरची. ती पहाट विझली की तारे यायचे. असूदेताई दार किलकिलं करून रोज बघायची. इतकी वर्षं झाली तरी बघायची. रिकाम्या खुर्च्यांवर सगळं आकाश सांडलेलं आणि ते बघायला ती एकटी. तेवढा वेळ आपण जागे आहोत की अजून उशीवरच आहोत, हे तिला कुणी विचारलं असतं तर छातीठोकपणे सांगता आलं नसतं.

तारांगणात तिच्या जोडीला एक गृहस्थ होते, त्यांना सगळे आवाज म्हणायचे. अंधारात लोकांना तारे समजावून सांगायचं काम त्यांचं. तोंड कुणी कधी पाहिलेलं नाही, त्यामुळे रस्त्यात त्यांना कुणी ओळखायचं नाही. पण दुकानात जाऊन त्यांनी नुसता साबण मागितला की मागची बाई दचकून वर छताकडे बघायची. एवढा घनगंभीर आवाज, पण काळीज सशाचं. स्क्रीनवर लाल ओळ दिसली की त्यांना घाम फुटायचा.

"ताई, लाल आलंय!"

"असू दे."

"अहो, असू दे काय? तिथं चक्क 'चूक' म्हटलंय!"

एकदा मात्र तिला त्यांची दया आली. तिनं त्यांना स्टुलावर बसवलं, हातात चहा दिला आणि म्हणाली, "हे बघा, यंत्राच्या पोटात एक कारभारी असतो. कर्नेल म्हणतात त्याला, यंत्राचा मुख्य प्रोग्रॅम. सकाळी डोळे उघडले की तो घरभर फिरतो. एकेक दार ठोठावतो, कोण आहे, कोण नाही बघतो आणि जे दिसेल ते मोठमोठ्यानं बोलत सुटतो. ही सगळी त्याची बडबड."

"मग चिडतो कशाला?"

"कारखान्यानं त्याचे कान भरलेले असतात ना! यंत्रातला बोर्ड बनवतानाच त्यात काही गोष्टी सांगून ठेवलेल्या असतात, तेच ते फर्मवेअर. आता बनवणारे महा आळशी. दहा तऱ्हेच्या बोर्डांना एकच गोष्ट सांगून मोकळे. सांगितलंय काय, तर तिसऱ्या दारामागे एक जण राहतो. आपल्या बोर्डाला तिसरं दारच नाही! कारभारी बिचारा हाका मारतो, ओ कोण देणार? मग चिडून ओरडतो, मला खोटं सांगितलं, मला खोटं सांगितलं. आणि पुढच्या दाराकडे जातो."

"रोज?"

"रोज. काल ओरडलेलं त्याला कुठं आठवतंय? रोज नव्यानं उठतो, रोज नव्यानं हाका मारतो. पुढे जातो ना, मग झालं तर."

तिसऱ्या दाराची एक कुरकुर झाली. दुसरी होती घड्याळाची. बोर्डावरचं एक घड्याळ कारभाऱ्याच्या मनातून उतरलेलं. हे भरवशाचं नाही, मी दुसरं धरतो, असं तो रोज जाहीर करायचा आणि खरंच दुसरं धरायचा. या दोन्ही पिवळ्या. तिसरी, लाल अक्षरांतली, होती एका कार्डाची. हे कार्ड घुमटाच्या पूर्वेकडच्या अर्ध्या भागात चित्र पाठवायचं. त्याला सुरू होताना एक फाइल लागायची. ते आधी नव्यातली नवी मागायचं, ती नसायची, मग रडगाणं यायचं, नवी मिळाली नाही, जुन्यावर भागवतो. भागवायचंही छान. या तिन्ही ओळी असूदेताईच्या ओळखीच्या झाल्या होत्या. डोळे मिटून बसली तरी कुठली कधी येणार ते तिला कळायचं. कधीकधी दुपारच्या डुलकीत त्या ओळी तिला दिसायच्या, पण स्क्रीनवर नव्हे, वर घुमटात, ताऱ्यांच्या जागी, पांढऱ्यात मध्येच एक लालसर.

तिच्या घरीही असाच एक कारभारी होता.

म्हणजे तिचे बाबा. उभा जन्म घड्याळं दुरुस्त करण्यात गेलेला. दुकान बंद झालं तेव्हा त्यांनी दुकानातली उरलेली घड्याळं घरी आणली आणि आपल्या खोलीत टांगली. एकाची वेळ दुसऱ्याशी जुळेल तर शपथ. ती म्हणायची, बाबा, निदान एक तरी बरोबर लावा. ते म्हणायचे, "बोलू दे गं प्रत्येकाला आपापलं." ती लहान असताना दुकानात त्यांच्या मांडीवर बसून टिकटिक ऐकायची, तेव्हा त्यांनी तिला सांगून ठेवलं होतं, "पोरी, कुरकुर करणाऱ्या घड्याळाला घाबरायचं नाही. कुरकुरतंय म्हणजे आत काहीतरी चाललंय. गप्प झालं की बघायचं." तिनं ते ऐकलं होतं आणि लहानपणी ऐकलेलं जिथं जातं तिथं ते गेलं होतं.

आई गेल्यावर बाबा तिच्याकडे आले. लग्नाच्या भानगडीत ती पडली नव्हती, त्यामुळे घरात दोघंच. दिवसभर बाबा अगदी ठणठणीत असायचे. पेपर वाचायचे, पेपरवाल्यांना शिव्या घालायचे, शेजारच्या काकूंशी भांडी घासण्याच्या पावडरीवरून वाद घालायचे. पण सकाळी जाग येताना, डोळे उघडायच्या नि पाय जमिनीला लागायच्या मधल्या त्या धुक्यात, ते रोज तीन प्रश्न विचारायचे.

"काळूला आत घेतलं का?"

काळू म्हणजे त्यांचा कुत्रा. ती शाळेत होती तेव्हाच गेलेला.

"आई उठली का तुझी?"

"दुकानाची किल्ली कुठाय?"

मग ते उठून बसायचे, चष्मा लावायचे, घड्याळांना किल्ली द्यायचे आणि म्हणायचे, "चहा टाकलास का गं?" की झालं, दिवस सुरू.

सुरुवातीला तिनं शहाणपणा केला होता. बाबा, आई गेली ना आपली. असं तिनं सांगितलं, आणि बाबांचा चेहरा असा झाला की जणू बातमी आत्ता, या क्षणाला आली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. रोज सकाळी ती त्यांना नव्यानं विधुर करत होती. मग एकदा त्या गार खोलीत बसून ती कारभाऱ्याची हाक वाचत होती, तिसऱ्या दाराशी कुणी ओ देत नाही, आणि तिच्या हातातला कप तसाच राहिला. अरे! हे तर आपले बाबा. जुनं काहीतरी आत सांगून ठेवलेलं आहे, ते उठताउठता त्या दारांवर थाप मारून बघतात, कुणी बोललं नाही की पुढे जातात. त्यांना तिथून ओढून कशाला काढायचं? डॉक्टरांनीही तपासून तेच सांगितलं, वयाचं आहे, दिवसभर ठीक असतात ना, मग काळजी करू नका. तेव्हापासून बाबांनी विचारलं की ती नुसतं "हं" म्हणायची आणि चहा टाकायला जायची. मनात म्हणायची, असू दे.

हे सगळं असंच चाललं असतं, पण दादा आला.

दादा तिचा थोरला भाऊ, लांबच्या शहरात राहणारा. माणूस मायाळू, पण माया अशी की समोरच्याचा जीव घाबरा व्हावा. कुणाला शिंक आली तर हा डॉक्टरला फोन लावणार. त्यानं बाबांसाठी एक वृद्धनिवास बघून ठेवला होता. बाग आहे, नर्स आहे, सगळं आहे. या खेपेला तो बाबांना घेऊन जायलाच आला होता. तिनं त्याला घराची दुसरी किल्ली दिली, कारण ती दिवसभर तारांगणात. आणि म्हणाली, "राहा चार दिवस. बघ त्यांना नीट. मग काय ते बोलू."

पहिल्याच सकाळी बाबांनी विचारलं, "आई उठली का तुझी?" आणि दादा स्वयंपाकघरात येऊन ओट्याला धरून उभा राहिला. त्याचे डोळे भरले होते.

"तू हे रोज ऐकतेस?"

"रोज."

"कसं ऐकवतं गं चिमणे तुला?"

"पहिल्यांदा नाही ऐकवायचं. आता वाटतं, विचारताहेत, बरं आहे. अरे दादा, हे नुसतं उठतानाचं पुटपुटणं आहे. त्यानं काही बिघडत नाही."

"बिघडत नाही? डोकं बिघडत चाललंय त्यांचं! आणि तू यंत्राशी बोलतेस तसं बोलतेस बापाशी. तुझं ते असू दे, असू दे बंद कर आता. सगळ्यालाच असू दे म्हणून चालतं का?"

हे तिला लागलं. कारण ते अगदीच खोटं होतं असं तिला स्वतःलाच म्हणवेना. तिनं कपबश्या जरा जोरातच धुतल्या. बाबा त्या खोलीबाहेर, त्या बेसुऱ्या घड्याळांबाहेर जगतील ही कल्पनाच तिला करवत नव्हती. बाबांना तर त्याहून नाही. दादानं बागेचं नाव काढलं तेव्हा ते म्हणाले होते, "बागेत घड्याळं कुठं टांगणार?" आणि विषय संपवला होता. पण दादाचा संपला नव्हता. रविवारी निघायचं असं त्यानं ठरवूनच टाकलं होतं.

पुढच्या सकाळी दादा बाबांच्या पलंगावर बसला, त्यांचा हात हातात घेतला आणि प्रेमानं, अगदी लहान मुलाला समजवावं तसं, त्यानं सगळं सांगितलं. काळू नाही, बाबा. आई नाही. दुकान कधीच बंद झालं. बाबा ऐकत होते. त्यांनी दादाच्या तोंडाकडे पाहिलं, मग दाराकडे पाहिलं, आणि "बरं" म्हणाले. त्या दिवशी त्यांनी घड्याळांना किल्ली दिली नाही. असूदेताई दारात उभी होती. तिला ओरडावंसं वाटलं, पण बाबांसमोर कसं ओरडणार? ती तशीच कामाला निघून गेली.

त्याच्या दुसऱ्या सकाळी बाबा उठले आणि काहीच बोलले नाहीत.

ना काळू, ना आई, ना किल्ली. डोळे उघडून शांत पडून राहिले. दादानं आधार देऊन बसवलं तर बसले. चहाचा कप समोर ठेवला तर त्यांनी डावा हात पुढे केला, कप उचलला, घोटभर घेतला. दादानं विचारलं, बरं वाटतंय ना? त्यांनी मान हलवली.

दादा स्वयंपाकघरात आला तो नुसता फुलून. "बघितलंस? एकदा नीट समजावलं की कळतं त्यांना. तू उगीच इतकी वर्षं... जाऊ दे. आज बघ कसे शहाण्यासारखे बसलेत!"

आणि खरं सांगायचं तर असूदेताईलाही हलकं वाटलं. थोडी असूयाही वाटली, की आपल्याला जे जमलं नाही ते यानं एका सकाळीत केलं. पण त्याहून जास्त हलकं. घरात केवढी शांतता होती! घड्याळं बंद पडलेली, खिडकीतून कोवळं ऊन आत आलेलं, बाबांच्या केसांवर पडलेलं. अशी एक तरी स्वच्छ सकाळ यावी असं तिला किती दिवस वाटत होतं, आणि ती आली होती. तारांगणापर्यंतच्या रस्त्यावर ती तरंगतच गेली म्हणा ना. धुकं होतं. झाडं अर्धी दिसत होती, अर्धी नव्हती. बस कधी आली, ती कधी उतरली, तिचं तिला कळलं नाही. नेहमीपेक्षा उशीरच झाला होता.

आवाज दारातच उभे होते. त्यांनी हौसेनं स्वतःच बटण दाबून यंत्रं सुरू केली होती.

"ताई, पेढे द्या! आज एकही लाल नाही!"

"काय सांगता?"

"बघा की. वरपासून खालपर्यंत धुतल्यासारखं. सुधारला तुमचा कारभारी."

तिनं शाल घेतली, बसली, ओळी पाहिल्या. पांढऱ्या, पांढऱ्या, पांढऱ्या. अगदीच एकही कुरकुर नाही असं नव्हतं म्हणा. तिसऱ्या दाराची हाक होती, घड्याळाची तक्रारही होती, दोन्ही पिवळ्या, त्यामुळे आवाजांच्या नजरेतून सुटलेल्या. पण ती एक ठसठशीत लाल ओळ, नवी मिळाली नाही, जुन्यावर भागवतो, ती खरंच नव्हती. आज सगळंच स्वच्छ, तिला वाटलं. घरी स्वच्छ, इथं स्वच्छ. तिनं चहा ओतला, बिस्किट घेतलं, खुर्चीत मागे टेकली, आणि पंख्यांच्या घरघरीत तिचे डोळे जड व्हायला लागले.

मग तिला वाटलं, पण का नाही?

नवी फाइल तर आपण आणलेली नाही. मग ते कार्ड आज नवी मागत का नाही? तिनं ओळी मागे नेल्या. कार्डाची तक्रार नव्हती. कार्ड सापडल्याचीही ओळ नव्हती. कार्डाचं नावच कुठं नव्हतं. तक्रार संपली नव्हती, तक्रार करणाराच जागेवर नव्हता.

"ताई!" घुमटातून आवाजांचा तो घनगंभीर आवाज आला, पण चांगलाच कापत. "ताई, पूर्वेकडे तारेच नाहीत हो!"

ती चहा-बिस्किट हातात घेऊन तशीच दारात जाऊन उभी राहिली. एका अंगाला आकाश नेहमीसारखं भरगच्च होतं आणि दुसऱ्या अंगाला नुसता काळोख. मधोमध सुरी फिरवल्यासारखं. त्या अर्ध्या आकाशाकडे ती बघत राहिली आणि तिला डावा हात दिसला. बाबांचा डावा हात, कप उचलणारा. बाबांनी आयुष्यात कधी डाव्या हातानं कप उचलला नव्हता. घड्याळजीचा उजवा हात. त्याच्यावर तर सगळं घर चाललं होतं.

कुरकुरतंय म्हणजे आत काहीतरी चाललंय. गप्प झालं की बघायचं.

बिस्किट चहात पडलं. तिनं फोन लावला.

"दादा, बाबांना हसायला सांग."

"काय?"

"हसायला सांग म्हणते ना! आत्ता!"

फोनवर दादाचं लाडिक बोलणं ऐकू आलं, बाबा, हसा बघू, चिमणी म्हणतेय. मग दादा आला तो वेगळ्याच आवाजात. "हसले गं. पण एकाच बाजूनं."

"उजवा हात वर करायला सांग."

"नाही येत. चिमणे, नाही येत वर. अगं, मला वाटलं दमलेत..."

"ॲम्ब्युलन्स बोलाव. मी तिकडेच येते. रडू नको दादा, आधी फोन कर!"

ती शाल तशीच अंगावर घेऊन धावली. मागे आवाजांना एवढंच म्हणाली, अर्ध्या आकाशावर भागवा. आणि त्या सशाच्या काळजाच्या माणसानं त्या दिवशी शाळेच्या पोरांना अर्ध्या आकाशाखाली बसवून सांगितलं, की मुलांनो, पूर्वेकडे आज ढग आलेत. पोरांनी ते मानलंही.

मेंदूत रक्ताची गुठळी अडकली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वेळेत आणलंत. आता वाट बघायची." दादा बाकावर डोकं धरून बसला होता. "माझ्यासमोर बसले होते गं. मला वाटलं, शहाणे झाले."

"मलाही तेच वाटलं," ती म्हणाली. हे म्हणताना तिला हुंदका आला. रोज कारभाऱ्याची बडबड वाचणारी ती, आणि ज्या दिवशी बडबड थांबली त्या दिवशी तिनं सुटकेचा श्वास सोडला होता. दादानं तिला जवळ घेतलं.

रविवार आला आणि गेला. वृद्धनिवासाचं नाव कुणी काढलं नाही, पण ते नको असंही कुणी म्हटलं नाही. बाबा डोळे उघडायचे, सगळ्यांकडे बघायचे, ओळखायचे बहुधा, बोलायचे नाहीत. उजवा हात पांघरुणावर पडलेला असायचा, दुसऱ्या कुणाची तरी वस्तू तिथं ठेवल्यासारखा. मध्येच एकदा ती तारांगणात जाऊन आली. कार्ड आपल्या खाचेतून जरासं उचललं गेलं होतं, एवढंच. तिनं ते दाबून बसवलं, यंत्र सुरू केलं आणि ओळींकडे डोळे लावून बसली. आली. लालभडक आली, नवी मिळाली नाही, जुन्यावर भागवतो. आवाज तर टाळ्या पिटायला लागले, "ताई, लाल आलं, लाल आलं!" पूर्वेला तारे उगवले. ती त्यांच्याकडे न बघता पर्स उचलून परत दवाखान्यात गेली. तिची ओळ अजून यायची होती.

सकाळी बाबांच्या खाटेजवळ दादा असायचा. तो घरी जायलाच तयार नव्हता. ज्या प्रश्नांनी त्याचं काळीज फाटायचं, त्यांच्याचसाठी तो आता बाबांच्या तोंडाशी कान नेऊन बसायचा. बाबांना जाग यायची वेळ झाली की नर्सनं ट्रॉली ढकलली तरी तो तिला खूण करायचा, हळू.

त्या दिवशीही ती थर्मास घेऊन आली तेव्हा खिडकीबाहेर धुकं होतं आणि वॉर्डात सगळं पांढरं पांढरं, झोपाळू. बाबांच्या पापण्या हलल्या. ओठ हलले. काही आलं नाही. पुन्हा हलले.

"का... काळू..."

दादा उठून उभाच राहिला.

"काळूला... आत..."

"घेतलं, बाबा!" दादाचा आवाज फाटला. "आत घेतलं. पायाशी झोपलाय तुमच्या."

बाबांनी डोळे मिटले. ती खाटेच्या दुसऱ्या बाजूला उभी होती, थर्मास छातीशी धरून. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. आता दुसरा येईल, तिला माहीत होतं. दादालाही माहीत होतं. त्यानं खाटेची दांडी घट्ट धरली.

"आई... उठली?"

दादा खाली वाकला. "उठेल, बाबा. झोपू दे तिला जरा."

बाबांनी मान हलवली. हे त्यांना पटल्यासारखं दिसलं. बराच वेळ ते छताकडे बघत राहिले. मग कपाळावर आठी आली, तीच, रोजची.

"किल्ली..."

दादानं खिसे चाचपले. गडबडीत रुमाल खाली पडला. मग त्याच्या हाताला ती लागली, पहिल्या दिवशी तिनं दिलेली, घराची दुसरी किल्ली. ती त्यानं बाबांच्या उजव्या हातात ठेवली, त्या निपचित तळव्यात.

"ही घ्या, बाबा. तुमच्याकडेच ठेवा."

अंगठा थोडासा थरथरला. मग एकेक करून, जुन्या घड्याळाचे काटे हलावेत तशी सावकाश, बाबांची बोटं त्या किल्लीवर मिटली.

"चहा टाकलास का गं?" बाबांनी विचारलं. शब्द जड होते, पण सगळे होते.

तिनं थर्मासचं झाकण फिरवलं. अर्धा चहा कपाबाहेरच गेला. मग ती हळूच दादाला म्हणाली, "दादा, ती आपल्या घराची किल्ली आहे रे."

"असू दे," दादा म्हणाला.